फोर बाय फोर पिकअपचा नॉब कधी फिरवायचा

पाऊस लागला की पुण्यातनं दर शनिवारी व्ही-क्रॉस, हायलक्स ताम्हिणीला नाहीतर वेल्हे-केळदकडे निघतात, आणि त्यातले बरेच जण गाडी रुतल्यावर फोर बाय फोरचा नॉब फिरवतात. तोपर्यंत मागची चाकं खड्डा करून बसलेली असतात आणि पुढच्यांनाही धड पकड मिळत नाही, म्हणून चिखल समोर दिसला की आत शिरायच्या आधीच ४एच टाका, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते.

४एच चालू गाडीत लागतो, थांबायची गरज नाही, फक्त स्टेअरिंग सरळ ठेवा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि मग फिरवा. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत असेल तर अजून लागलेला नाही, थोडं पुढे जाऊ द्या, स्थिर झाला की झालं.

४एल, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त जोराचा फोर बाय फोर, वेगळा. गाडी पूर्ण थांबवायची, गिअर न्यूट्रलला, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबायचा, मग नॉब, आणि खालून टक असा आवाज येऊन दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं. यात चाकांवर साधारण अडीच पट जोर येतो, वेग तेवढाच कमी होतो. खडा चढ, मोठे दगड, रुतलेली गाडी काढणं यासाठी हा. पण मला सगळ्यात जास्त उपयोग उतारावर झालाय. केळदच्या बाजूला एका ओल्या लाल मातीच्या उतारावर मी आधी ४एचमध्येच ब्रेक दाबत गेलो आणि चाकं लॉक होऊन गाडी आडवी सरकायला लागली, बायको शेजारी दांडी धरून बसलेली. ब्रेक सोडल्यावर गाडी सरळ झाली, जरा सपाट आल्यावर थांबलो, ४एल आणि पहिला गिअर टाकला, आणि मग पुढचा उतार पाय ब्रेकला न लावता उतरलो, इंजिनच गाडी धरून ठेवतं. फोर बाय फोरने ब्रेक लवकर लागत नाहीत, हे प्लीज लक्षात ठेवा.

रुतलात तर रेस देऊ नका. चाक फिरलं की टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. खाली उतरा, चाकापुढचा चिखल फावड्याने काढा, दगड टाका, आलात त्याच वाटेने हळू रिव्हर्स घ्या. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर तो अशा वेळी लावा, आणि निघाल्यावर लगेच काढा, कारण तो लावून गाडी वळत नाही.

आता डांबराचं. या गाड्यांमध्ये ४एच लागला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधले जातात, पण वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक थोडं घसरून ते जमवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, मग स्टेअरिंग जड होतं, पार्किंगमध्ये वळवताना गाडी अडखळते आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या पेटीवर येतो. त्यामुळे कोरडा पक्का रस्ता लागला की २एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. दिवा जात नसेल तर घाबरू नका, सरळ रेषेत चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि दिवा जातो.

आणि चिखलासाठी टायर वीस पीएसआयपर्यंत उतरवले असतील तर हवा भरेपर्यंत ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जाऊ नका.