घंटा बद्द वाजते? या चुका टाळा

देवळातली घंटा बद्द वाजू लागली की पहिला संशय धातूवर जातो. पितळेत शिसं मिसळलं असेल तर तो खराही ठरतो, कारण शिसं नाद मारतं. पण पुष्कळदा दोष टांगण्यात किंवा लोलकात असतो. नवी घंटा घेण्याआधी अर्धा तास या तपासणीला द्या.

घंटेत वाजतो तो काठ. टोल पडला की गोल काठ क्षणभर लंबगोल होतो, मग आडवा लंबगोल, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. त्या हालचालीने हवा ढकलली जाते आणि नाद उठतो. शेंडा मात्र जवळजवळ हलत नाही. म्हणून घंटा शेंड्यानेच टांगायची आणि काठ सगळीकडून मोकळा ठेवायचा. वाटी बोटाच्या टोकावर तोलून चमच्याने टिचकी मारा, मग काठाला बोट लावून पुन्हा मारा. फरक कानाला लगेच कळेल.

काठावर झेंडूची माळ, गुंडाळलेलं फडकं, तेलरंगाचे थर, शेजारच्या खांबाला टेकलेली कड, या सगळ्यांनी नाद मरतो. आवाजात खरखर असेल तर शेंड्याचा नट सैल झालेला असतो. चामड्याचा वॉशर घालून तो आवळा. तिथे घट्ट केल्याने नादाला धक्का लागत नाही.

सर्वाधिक चुका लोलकात होतात. लोलकाचा गोळा काठाच्या किंचित वर, आतल्या सर्वांत जाड पट्ट्यावर आदळला पाहिजे. गोळ्याला खडू फासून एक टोल द्या. आत उमटलेला ठिपका पाहा. तो वरच्या पातळ भागावर दिसला तर लोलक आखूड आहे, अगदी कडेवर दिसला तर लांब. लोलक अडकवायची कडी किंवा चामडी पट्टी झिजली की तो हळूहळू खाली येतो आणि कडेचे टवके उडू लागतात. टोलानंतर गोळा उसळून मागे आला पाहिजे. दोरी ताणून बांधली, किंवा कुणी लोलक हातात धरून काठावर दाबला, की ज्याने नाद काढला तोच तो मारतो.

आवाज मोठा हवा म्हणून जड लोलक बसवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. १० किलोच्या घंटेला साधारण ३०० ते ४०० ग्रॅमचा लोलक पुरतो, तोही मऊ लोखंडाचा. कठीण पोलादाचा नको. घंटेचं कासं म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. एवढ्या कथलामुळे ते छान निनादतं आणि तितकंच ठिसूळही होतं. लंडनची साडेतेरा टनांहून जड बिग बेन १८५९ च्या जुलैत वाजू लागली आणि सप्टेंबरात तिला तडा गेला. पुढे घंटा एक अष्टमांश फिरवून हलका हातोडा बसवला. तडा तसाच आहे, घंटा आजही वाजते. आपल्याकडेही वर्षानुवर्षे एकाच जागी टोल पडून आत सपाट खळगा झाला असेल, तर घंटा थोडी फिरवून टांगा.

नाद लाटेसारखा कमीजास्त होत असेल तर घाबरू नका. ओतीव काठ सगळीकडे सारखा जाड नसतो, त्यामुळे दोन अगदी जवळचे स्वर एकत्र वाजतात. ४०० आणि ४०२ कंपनांचे दोन स्वर असतील, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. टोलाची जागा काठावर थोडीथोडी सरकवत जा; अष्टमांश फेरीच्या आत हेलकावे बरेच कमी होणारी जागा सापडते. कानसने घासून सूर लावायला मात्र जाऊ नका. गेलेला धातू परत येत नाही.

तड्याचा संशय असेल तर लाकडी मुठीने काठाभोवती हलकेच ठोकत जा. मग काठाला रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडूची पूड फासा. तडा असेल तर पुडीत ओली रेघ उमटते. ती दिसली की वाजवणं त्याच दिवशी थांबवा. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका: एकाच जागी तापलेलं कासं गार होताना आणखी चिरतं. वेल्डिंगसाठी अख्खी घंटा सावकाश तापवावी आणि तितकीच सावकाश निववावी लागते. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीत आहेत. अशा जुन्या घंटेला तडा दिसला, तर लोलक काढून ठेवा आणि जाणकार धातुतज्ज्ञ येईपर्यंत तिला हातोडा लावू देऊ नका.