टोल रस्त्याच्या जनसुनावणीला जाताय? हे करून जा

समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून पुढे गोंदियाकडे न्यायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या लेआउटमध्ये दोन तट आहेत. एकाला प्लॉटचा भाव दिसतो, दुसऱ्याला टोल आणि तोडलेली पांदण, म्हणजे शेतात जायची वाट. तुम्ही कुठल्याही तटात असा, रस्त्याच्या पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जी जनसुनावणी होते, तिथे नुसतं ओरडून काही होत नाही. मी एकदा ओरडून आलोय, घसाच बसला फक्त.

सुनावणीच्या किमान 30 दिवस आधी मराठी पेपरात नोटीस येते. ती कापून ठेवा. मग जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत जाऊन पर्यावरण अहवाल मागा. मराठी सारांशही असतो. पण सारांशावर थांबू नका. मोठ्या अहवालात अंडरपासची, म्हणजे महामार्गाखालून जायच्या वाटांची यादी शोधा आणि आपल्या रस्त्यावरच्या अंडरपासची उंची बघा. आमच्याकडे काकाजींनी कापसाने भरलेल्या ट्रॉलीला टेप लावून उंची मोजली, कागदावर लिहिली, शेजारी अंडरपासचा आकडा. दोन ओळींचं निवेदन, पण साहेबांना मान वर करावी लागली.

निवेदन लेखीच द्या, दोन प्रती, एकीवर पोच. मागणी नेमकी हवी: सर्व्हिस रोड कुठून कुठपर्यंत, नाल्याचं पाणी कुठे काढणार. ‘रस्ता नको’ एवढंच म्हटलं तर तेवढंच नोंदलं जातं.

आणि शेवटपर्यंत बसा. इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं. लोक नेमके तेव्हाच चहाला उठतात. तुमचा मुद्दा सुटला असेल, तर तिथल्या तिथे उभं राहून सांगा.