जुनी जीन्स घरी अल्टर करताना: नव्याने शिवण शिकणाऱ्यांसाठी

मशीनवर सरळ शिलाई मारता येते आणि नीट उसवता येतं, एवढं असेल तर जीन्सचं काम जमतं. मी जुन्या पँटींवरच हात बसवला. सुरुवात उंची कमी करण्यापासून करा, कमरेला लगेच हात घालू नका, तिथे लूप, पट्टी, मागची जाड शिलाई सगळंच उसवावं लागतं.

आधी जीन्स धुवून वाळवून इस्त्री करा. सुई जीन्सचीच घ्या, १६ नंबर (पाकिटावर १००/१६ असतं), धागा पॉलिस्टरचा, टाका ३ ते ३.५ मिमी. साधी बारीक सुई जाड जोडावर वाकते नाहीतर तुटते.

आता खरी मजा. जीन्सच्या खालच्या काठावर धुवून धुवून जी फिकट-गडद पिळाची नक्षी येते ना, ती कापून टाकली की पँट लगेच अल्टर केल्यासारखी दिसते, म्हणून तो मूळ काठ ठेवायचाच. समजा ६ सेमी कमी करायचंय, तर काठ बाहेरून वर दुमडा आणि काठाच्या शिलाईपासून घडीपर्यंत ३ सेमी मोजा, कारण घडीत कापड दुहेरी जातं. मोजताना काठाची पट्टी धरायची नाही. टाचण्या लावा, मूळ शिलाईला अगदी चिकटून पण तिच्यावर न चढता शिवा, मग घडी आत ढकलून काठ खाली ओढा आणि इस्त्री दाबून फिरवा. निळा धागा असेल तर जोड शोधावा लागतो!

बाजूच्या जाड जोडावर मशीन अडते. तो भाग आधी हातोडीने हलके ठोकून चपटा करा, मशीनच्या पायाच्या (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) मागे कापडाची जाड घडी सरकवा म्हणजे पाय तिरका होत नाही, आणि तेवढे टाके चाक हाताने फिरवून घाला.

पँटचा पाय अरुंद करायचा असेल तरी निम्म्याचंच गणित, मोहरीचा (पँटच्या पायाच्या खालच्या तोंडाचा) घेर ४ सेमी कमी हवा तर शिलाई २ सेमी आत. ज्या बाजूला वरून दिसणारी दुहेरी शिलाई नाही (बहुतेक पँटींना बाहेरची बाजू) तिथूनच घ्या, आणि गुडघ्याच्या वरपासून हळूहळू उतरत या, एकदम आत वळलात तर तिथे फुगा येतो. आधी कच्चा धावदोरा घाला, पँट घालून खाली बसून बघा, मगच मशीन. १ सेमी माया (शिलाईबाहेरचं कापड) ठेवून बाकीचं कापा, कडेला झिगझॅग.

उंचीतलं जास्तीचं कापड मात्र थोडंच असेल तर मी कापत नाही, आतच राहू देते. वाढत्या मुलांच्या पँटीला हे फार उपयोगी पडतं, ती एक शिलाई उसवली की पँट परत लांब.