दोन भारी हेडफोनांची तुलना कशी करावी: आधी पातळी जुळवा, मग मत द्या

पन्नास हजारांचा किंवा लाखाचा हेडफोन घेताना बहुतेक जण काय करतात? दोन हेडफोन समोर ठेवतात, एक काढून दुसरा चढवतात, आणि पाच मिनिटांत 'याचा बास जास्त भरीव आहे' असं सांगून मोकळे होतात. अशा मतावर कुणी पैसे घालू नयेत. दोन्ही हेडफोन कानाशी सारख्याच पातळीवर वाजत नसतील, तर तुलना हेडफोनांची होत नाही, व्हॉल्यूमची होते. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत. ही एक पायरी नीट केली नाही तर त्या सगळ्या फुकट जातात.

तयारी

डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारं यंत्र) एकच, अँप (तो संकेत हेडफोनसाठी वाढवणारं यंत्र) एकच, फाइल्स त्याच. ब्लूटूथ नको. प्लेअरमधला इक्वलायझर आणि 'सराउंड' प्रकारची सगळी बटणं बंद. ओपन-बॅक (कपाची मागची बाजू उघडी असलेला) हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही, त्यामुळे पंखा बंद, खिडकी बंद, आणि घर रस्त्यालगत असेल तर रात्र होऊ द्या. चष्मा काढा, त्याच्या काडीमुळे पॅड कानाभोवती नीट बसत नाही आणि खालचा बास गळतो. वापरून चपटे झालेले पॅड बदला. झिजलेल्या पॅडचा हेडफोन आणि नव्या पॅडचा तोच हेडफोन यांत ऐकू येण्याइतका फरक पडतो. 'आधी शेकडो तास वाजवून मुरवा, मगच ऐका' या सल्ल्याकडे लक्ष देऊ नका. त्या तासांत बदलतात ते मुख्यतः पॅड आणि तुमची सवय.

अँपची एकच गोष्ट तपासा

अँपचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा. तो एक-दोन ओहमच्या आत हवा. सेनहायझरच्या एचडी ६०० या हेडफोनचं उदाहरण घ्या. कागदावर तो ३०० ओहमचा आहे, पण बासच्या भागात, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा इम्पीडन्स बराच वर चढतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अँपचा आउटपुट इम्पीडन्स बराच जास्त असतो, अशा अँपवर तो लावला की नेमक्या त्याच जागी बास फुगतो. हायफायमॅनच्या सुंदरासारख्या प्लेनर (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सपाट असतो, म्हणून त्याला हा बास मिळत नाही. अशा अँपवर दोघांची तुलना करून 'एचडी ६०० जास्त उबदार' म्हणणं चूक आहे. ती ऊब अँपची आहे.

पातळी जुळवणं

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो या पायरीने, आणि सगळ्यात जास्त वाईट सल्लेही इथेच मिळतात.

आधी कारण समजून घ्या. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाजाची पातळी बदलली की कानाचा समतोलही बदलतो. हळू आवाजात बास आणि वरचा भाग मध्यापेक्षा कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की दोन्ही भरून येतात. त्यामुळे एक हेडफोन दुसऱ्यापेक्षा डेसिबलभर जरी मोठा वाजत असेल, तरी तो 'मोठा' वाटत नाही, 'भरीव', 'मोकळा', 'बारकावे दाखवणारा' वाटतो. आपण आवाजाच्या दर्जासाठी जे शब्द वापरतो, नेमके तेच शब्द इथे फसवतात.

आता वाईट सल्ले. पहिला: 'अँपची नॉब एकाच खुणेवर ठेवा.' ३०० ओहमचा आणि ३७ ओहमचा हेडफोन एकाच खुणेवर सारखे वाजण्याचं काहीच कारण नाही.

दुसरा: 'कंपनीने दिलेल्या सेन्सिटिव्हिटीवरून (ठरावीक विजेला हेडफोन किती मोठा वाजतो त्या आकड्यावरून) हिशोब करा.' कुणी हा आकडा १ मिलिवॉटला देतं, कुणी १ व्होल्टला, आणि कुणी एकक लिहीतच नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला मिलिवॉटचा आकडा व्होल्टमध्ये न्यायचा तर सुमारे १५ डेसिबल मिळवावे लागतात, ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे ५. एकक चुकलं की हिशोब दहा डेसिबलनेही हुकतो.

तिसरा: 'मल्टिमीटरने व्होल्टेज सारखं करा.' एकाच हेडफोनवर दोन अँप तपासायचे असतील तर ही पद्धत उत्तम आहे. दोन हेडफोनांसाठी ती निरुपयोगी, कारण सारख्या व्होल्टेजला दोघे वेगळे वाजतात.

चौथा सल्ला शहाणा वाटतो, म्हणून जास्त घातक आहे: '१ किलोहर्ट्झचा टोन लावून दोन्ही सारखे करा.' एकच टोन म्हणजे एकच बिंदू. त्या बिंदूवर एखाद्या हेडफोनच्या आलेखात (कोणती फ्रिक्वेन्सी किती जोरात वाजते ते दाखवणाऱ्या) खड्डा असेल, तर तो खड्डा भरायला तुम्ही अख्खा हेडफोन वर चढवता. हायफायमॅनच्या बऱ्याच मॉडेलांत १ ते २ किलोहर्ट्झच्या दरम्यान असा खड्डा असतोच.

मी करतो ते असं. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिनिटभराचा पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला सततचा खळखळाट) तयार करा. त्यावर ५०० हर्ट्झचा हाय-पास (खालचा भाग कापणारा) आणि २००० हर्ट्झचा लो-पास (वरचा भाग कापणारा) फिल्टर लावा, दोन्ही २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचे. माणसाच्या आवाजाचा बराचसा भाग या पट्ट्यात येतो आणि एखादा खड्डा किंवा उंचवटा सरासरीत विरतो. पूर्ण पट्ट्याचा नॉइज वापरू नका. त्यात बास येतो, आणि सपाट पुठ्ठ्यावर बास इतका गळतो की मीटरचा आकडा भरवशाचा राहत नाही.

पुठ्ठा कशासाठी, तर मोजण्यासाठी. साउंड लेव्हल मीटरचा माइक घट्ट बसेल एवढं भोक एका जाड, कडक पुठ्ठ्याला पाडा. माइकचं तोंड पुठ्ठ्याच्या पृष्ठभागाशी समतल ठेवा आणि मागच्या बाजूने फट टेपने बंद करा. आता पुस्तकांचा गठ्ठा उभा करा, डोक्याच्या रुंदीइतका, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर. त्याच्या एका अंगाला हा पुठ्ठा लावा आणि हेडफोन गठ्ठ्यावर डोक्यावर बसतो तसा बसवा. हाताने कप दाबून धरू नका. दाब प्रत्येक वेळी बदलतो आणि आकडाही बदलतो. मीटर नसेल तर फोनमधलं ॲप चालेल, कारण आपल्याला खरी पातळी नको, दोघांमधला फरक हवा. मात्र त्या ॲपमध्ये माइकची आपोआप वरखाली होणारी पातळी बंद असल्याची खात्री करा. एकच हेडफोन वाजवून प्लेअरमध्ये आवाज ६ डेसिबलने कमी करा. ॲपचा आकडा ६ नेच उतरला तर ते वापरा, नाहीतर सोडून द्या.

मीटर 'सी' (सगळ्या फ्रिक्वेन्सी जवळपास सारख्या धरणारा) आणि 'स्लो' (आकडा सावकाश बदलणारा) वर ठेवा. दहा सेकंदांची सरासरी घ्या. मग हेडफोन काढा, पुन्हा बसवा, पुन्हा मोजा. असं पाचदा करा. पाच आकडे वेगवेगळे येतील, आणि ते तसे यायलाच हवेत, कारण कप जरा सरकला तरी मोजमाप बदलतं. पाचांची सरासरी धरा. एकाच वेळच्या मोजणीवर कधीही विसंबू नका, मीटर कितीही महाग असला तरी.

समजा फरक ७.४ डेसिबल आला. तो नॉबने भरू नका. नॉब एका जागी सोडा आणि मोठा वाजणाऱ्या हेडफोनच्या वेळी प्लेअरमध्ये ७.४ डेसिबल कमी करा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरच्या प्रीअँप खान्यात हा आकडा थेट लिहिता येतो. २४ बिट आउटपुटवर एवढ्या घटीने आवाजाचं काही बिघडत नाही.

शेवटी कानाने पडताळा. साथ नसलेला, नुसता बोललेला आवाज दोन्हीवर ऐका. माणूस तेवढ्याच अंतरावरून बोलतोय असं वाटलं की जुळलं. एखादा जवळ येतोय असं वाटलं तर अर्ध्या डेसिबलने सरकवा, त्याहून जास्त नाही. दोन हेडफोनांचे आलेख वेगळे असल्यामुळे तंतोतंत जुळणी शक्यच नसते. पण दहा डेसिबलचा घोळ अर्ध्या डेसिबलवर आणता येतो, आणि तेवढ्याने सगळी तुलना बदलते.

ऐकणं

सत्तर-पंचाहत्तर डेसिबल पुरेत. आठ तासांसाठी ८५ ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात, आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो.

एका वेळी एकच प्रश्न घ्या. आवाजाची ताजी आठवण काही सेकंदांत पुसट होते, त्यामुळे अख्खं गाणं ऐकून मग हेडफोन बदलण्यात अर्थ नाही. पंधरा सेकंदांचा तुकडा, बदल, तोच तुकडा. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा स्वर किती खालपर्यंत स्पष्ट राहतो? तानपुऱ्याच्या जवारीत वरचे स्वर एकेकटे वेचता येतात का, की त्यांचा नुसता झगमगाट होतो? झांजेचा नाद विरताना शेवटपर्यंत ऐकू येतो का? बोललेल्या मराठीतले 'स', 'श' आणि 'चमचा'तला 'च' कानाला टोचतात का? उत्तर लगेच कागदावर लिहा, हेडफोन बदलायच्या आधी.

सर्वात उपयोगी ध्वनिमुद्रण घरात मिळतं. घरच्या माणसाला बऱ्यापैकी रेकॉर्डरसमोर दोन मिनिटं बोलायला लावा आणि त्याच माणसाला समोर बसवून ते ऐका. गायकाचा खरा आवाज आपल्याला माहीत नसतो, आईचा माहीत असतो. स्वरांचा रंग कोणत्या हेडफोनचा बरोबर आहे, याचा निकाल बहुतेकदा इथेच लागतो.

क्रम बदलत राहा. आज पहिला, दुसरा, पहिला. उद्या दुसरा, पहिला, दुसरा. तीक्ष्ण हेडफोनची सवय झाल्यावर चढवलेला कुठलाही हेडफोन काही मिनिटं मंद वाटतो, आणि हा परिणाम एका बैठकीत टळत नाही. वीस मिनिटांनंतर कान थकतात, तेव्हा थांबा.

डोळे बांधून तुलना करायचा आग्रह धरणाऱ्यांनी वजन लक्षात घ्यावं. एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा, ऑडेझीचा एलसीडी-एक्स ६०० ग्रॅमच्या वर. डोक्यावर ठेवताक्षणी ओळख पटते. याच अडचणीमुळे हरमन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हेडफोनवर इक्वलायझरने इतर हेडफोनांचे आवाज उतरवून लोकांना ऐकवले. घरी निदान एवढं करा: किमती न सांगता घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि त्याचं मत तुमचं मत लिहून झाल्यावरच विचारा.

पैसे देण्याआधी

तुमच्या कागदावर 'दुसऱ्यात बास जास्त' एवढाच फरक उरला असेल, तर स्वस्त हेडफोनला इक्वलायझरने १०० हर्ट्झखाली २ ते ३ डेसिबल द्या, पातळी पुन्हा जुळवा आणि पुन्हा ऐका. फरक मिटला तर महाग हेडफोन परत करा. नाही मिटला, आणि दोन्ही दिवसांच्या नोंदी एकच सांगत असतील, तर तो हेडफोन सलग दोन तास डोक्यावर ठेवून बघा. मान आणि कानशिलं दुखली नाहीत तर घ्या.