सामाजिक कामाचं ॲप काढताय? सल्लागार घेताना या चुका टाळा

सांगलीत पावसाळा लागला की भेटेल तो एकच विचारतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आलं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचा तळमजला सगळा बुडाला, आणि त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून एक साधी सर्विस सुरू केली, पाण्याची पातळी मराठीत फोन करून आणि मेसेज टाकून सांगणारी, खास करून ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही अशा घरांसाठी. कोडिंग जमलं, थोडेफार पैसे पण जमले. चुकलो ते सल्लागारांच्या बाबतीत. आता कराडची, विट्याची, साताऱ्याची पोरं फोन करून विचारतात की आम्ही पण असं काहीतरी काढतोय, ॲडव्हायजर कोण घेऊ, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो.

पहिली चूक म्हणजे फोटोसाठी सल्लागार गोळा करणं. आमच्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या पानावर सहा चेहरे होते, पुण्यातले फंडिंगवाले, अमेरिकेतले एक नातेवाईक, एक प्रोफेसर, मिरजेचे एक डॉक्टर, पाटबंधारेमधून रिटायर झालेले एक इंजिनियर साहेब आणि टेलिकॉममध्ये वीस वर्षं काढलेले एक दादा. माणसं सगळी चांगली होती, पण वर्षभरात त्यांच्या सांगण्यावरून आमचा एकही निर्णय बदलला नाही. दोष त्यांचा नाही, आम्ही त्यांना काही नीट विचारलंच नव्हतं. "सर, मार्गदर्शन असू द्या" हा प्रश्न नसतो. तुमच्याकडं सल्लागार असतील तर आजच बसून प्रत्येकाच्या नावापुढं लिहा, गेल्या तीन महिन्यांत यांच्यामुळं आपण काय वेगळं केलं. जागा रिकामी राहिली तर एकतर प्रश्न बदला नाहीतर माणूस.

आणि प्रश्न नेमका असला की काय होतं ते पण सांगतो. आमच्या कॉलमध्ये आधी फक्त कोयनेचा विसर्ग असायचा, कारण बातम्यांत तेच येतं. एक दिवस इंजिनियर साहेबांना एवढंच विचारलं की कोयनेतनं सोडलेलं पाणी कमी झालं तरी आयर्विनची पातळी कधीकधी उतरत का नाही. वीस मिनिटांत त्यांनी कागदावर नद्या काढून दाखवल्या, कोयना कराडला कृष्णेत येते हे बरोबर, पण वारणा खाली हरिपूरला मिळते, ती भरून आली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही आणि फुगवटा मागं सांगलीत येतो, म्हणजे वारणेवरच्या चांदोली धरणातनं किती सोडलंय ते पण बघायलाच पाहिजे. वर्षभर हा माणूस आमच्याकडं होता आणि आम्ही त्यांना उद्घाटनाला नारळ फोडायला बोलवत होतो. आता दोन दिवस आधी एक पान पाठवतो, त्यात तीन प्रश्न, बास. अजून एक त्यांनीच बजावलं, स्वतःचा अंदाज सांगत बसू नका, सरकारी यंत्रणेनं जाहीर केलेली पातळीच पोचवा, तुमच्या अंदाजावर एखादं घर थांबलं तर काय करणार.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते. ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्यातलं कुणीच सल्लागारांत नव्हतं. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात, एकट्याच, गुडघे दुखतात. टेस्टिंगसाठी त्यांना कॉल लावला, रेकॉर्डिंग वाजलं, कोयना धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग वगैरे. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "बाळा, ते क्युसेक माझ्या पायरीला कधी लागतंय तेवढं सांग की." मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं, आयर्विनला किती फूट झालं की त्यांच्या पहिल्या पायरीला लागतं, किती झालं की गॅसची टाकी वर न्यायला लागते, आणि किती झालं की शेजारच्या पोराला हाक मारून माळ्यावर जायचं. सगळं पाठ. नंतर कळलं की गल्लीतल्या प्रत्येक घराला आपापला आकडा माहिती आहे, एकाच गल्लीत दोन घरांचे आकडे वेगळे, कारण जोतं उंच-खाली. आज आमची सर्विस त्याच्यावरच चालते, नाव नोंदवताना घराचा पायरीचा आकडा विचारतो आणि पाणी त्याच्या जवळ आलं की त्या घराला फोन जातो. हे सहा फोटोंपैकी कुणाच्या डोक्यातनं आलेलं नाही.

त्यामुळं अशा माणसाला "युजर" म्हणून फीडबॅक फॉर्म देऊन वाटेला लावू नका, सल्लागार म्हणून घ्या, बाकीच्यांना देता तसंच पत्र द्या आणि मानधन पण द्या. मीटिंग त्यांच्या सोयीनं घ्या. आमची आता काकूंच्या घरीच होते, पुण्याचे साहेब असले तर ते फोनवर जोडले जातात. मीटिंगमध्ये काकूंना "तुमचा अनुभव सांगा" म्हणून गोष्ट ऐकायची आणि निर्णय मात्र इंग्लिशमध्ये घ्यायचा, असं पण करू नका, आम्ही दोनदा केलंय, तिसऱ्या वेळी त्या आल्याच नाहीत, मी जाऊन माफी मागून त्यांना परत बोलावलं.

तिसरी गोष्ट, सल्लागार अडचणीच्या वेळी भेटतो का ते आधी ठरवा. काकूंचं ऐकून आम्ही मेसेज बदलला, पायरीचं वाक्य घातलं, खुशीत होतो. जुलैत रात्री पाणी वाढायला लागलं आणि मेसेज जाईनात, सर्व्हर चालू, बॅलन्स शिल्लक, पण डिलिव्हरी शून्य. कारण काय तर ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१८ च्या नियमांनुसार असे मेसेज पाठवायला डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, नोंदणी लागते आणि मेसेजचा मजकूर पण टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला नमुना, म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो, आम्ही मजकूर बदलला पण नवीन टेम्प्लेट टाकलं नव्हतं, मग मधल्या मध्येच मेसेज अडवले गेले. टेलिकॉमवाल्या दादांना हे एका वाक्यात कळलं असतं, पण त्यांच्याशी आमचं तीन महिन्यांतनं एकदा मीटिंग एवढंच ठरलेलं, रात्री फोन लावायचा धीर झाला नाही. ती रात्र आम्ही यादी घेऊन हातानं फोन लावले, पहाटेपर्यंत. आता जून ते सप्टेंबर दोन सल्लागारांशी स्पष्ट ठरलंय की रात्री पण फोन येईल, आणि मजकुरात एक शब्द जरी बदलला तरी आधी त्यांना दाखवायचा.

आता पैशाचं आणि शेअरचं. चहा पिता पिता "सर, तुम्हाला एक टक्का देऊ" म्हणणं, ही चूक आपल्याकडं सर्रास होते. सल्लागाराशी करायच्या कराराचा अमेरिकेतला नमुना नेटवरनं उतरवतात, त्यात सल्लागाराला कंपनीचे पाव ते एक टक्का शेअर, दोन वर्षांत हळूहळू, असं असतं. तो इथं तसाच्या तसा चालत नाही. तुमची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, असेल तर तिला शेअरच नसतात, देणार काय? प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याखाली ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढं शेअर घ्यायचा हक्क, कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना देता येतात, स्वतंत्र संचालकांना नाही, आणि बाहेरून सल्ला देणारा माणूस कर्मचारी नसतो. मग एकतर फी द्या, किंवा रीतसर व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत ठरवून, शेअर वाटप करा, आणि हे सीए किंवा सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) विचारून, तोंडी नाही. वर्षाला एकाची फी ५० हजारांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापायचा असतो, हे पण पोरं विसरतात. आम्ही एकाला तोंडी शब्द दिला होता, नंतर तो पाळता येईना, आणि चांगला माणूस दुखावला गेला. शिवाय सल्लागाराच्या कार्डावर "डायरेक्टर" छापू नका, कायद्यानं डायरेक्टरवर जबाबदाऱ्या असतात, मान म्हणून द्यायचं ते पद नव्हे.

कंपनी कुठल्या प्रकारची काढायची यावर पण दोन सल्लागार दोन दिशांना ओढतात. थोडक्यात सांगतो. सेक्शन ८ मध्ये, म्हणजे कंपनी कायद्यातल्या समाजकार्यासाठीच्या कंपनीत, नफा वाटता येत नाही, त्यामुळं परताव्यासाठी पैसा लावणारा गुंतवणूकदार तिथं येणार नाही. उलट सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो, पैसा राबवायचा असेल तर सेक्शन ८, नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी असं काहीतरी आणि सीएसआर-१ हा सरकारी फॉर्म भरून नोंदणी लागते, साध्या प्रायव्हेट लिमिटेडला तो तसा थेट घेता येत नाही. पैसा कुठनं येणार ते आधी ठरवा.

आणि शेवटचं, काय विकणार नाही ते सल्लागार घेण्याआधी लिहून ठेवा. आमच्याकडं कुठलं घर किती फुटाला बुडतं याची यादी आहे. एका सल्लागारानं सुचवलं की हे विमावाल्यांना, प्लॉट घेणाऱ्यांना विका, लगेच पैसे उभे राहतील. त्यांचा हेतू वाईट नव्हता, कंपनी टिकावी असंच त्यांना वाटत होतं. पण लोकांनी तो आकडा आम्हाला जीव वाचवायला दिलाय, उद्या त्याच आकड्यावरनं त्यांच्या घराची किंमत पाडली जाईल. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्व पण हेच आहे, ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी डेटा वापरायचा. आम्ही नाही म्हणालो, पण आधी लिहिलेलं नसल्यामुळं दोन महिने वाद चालला. आता प्रत्येक पत्रात चार ओळी असतातच, डेटा विकायचा नाही, इशाऱ्याच्या कॉलमध्ये जाहिरात नाही, सल्लागाराचा किंवा घरच्यांचा याच धंद्यात काही व्यवहार असेल तर आधी सांगायचं, आणि मुदत एक वर्ष.

वर्ष मे महिन्यात संपेल असंच धरा. जून लागला की कुणालाच बसायला वेळ नसतो, मेमध्ये नवीन पत्रं होतात, डीएलटीचे टेम्प्लेट तपासले जातात, आणि काकू गल्लीत फिरून ज्यांनी जोतं वाढवलंय त्यांचे पायरीचे आकडे नव्यानं लिहून आणतात.