परगावच्या नाट्यमय रॉक मैफलीला जाताना

ज्या रॉक मैफलीत वेशभूषा, नेपथ्य, आगीचे लोळ आणि अमेरिकी रॉक गायक ॲलिस कूपर यांनी १९७० च्या दशकात रंगमंचावर आणलेल्या गिलोटिनसारखे (शिरच्छेदाच्या यंत्रासारखे) प्रसंग गाण्यांइतकेच बोलके असतात, तिथे जागेची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. रंगमंचाला खेटून उभे राहिल्यास कलाकारांच्या चेहऱ्यावरची रंगभूषा जवळून दिसते, पण संपूर्ण दृश्याची मांडणी नजरेत मावत नाही. म्हणून समोरच्या बाजूची, ध्वनिनियंत्रकाच्या आसपासची जागा घ्यावी, कारण ध्वनीचा समतोल तिथूनच साधला जातो.

कानांची काळजी मात्र कुठेही बसलात तरी घ्यावीच. ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानला जातो आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. इयरप्लग विसरू नयेत.

मुक्काम पायी जाता येईल इतका जवळ असावा आणि परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे काढावे; गाडी चुकेल या धास्तीने शेवटचे गाणे सोडून उठावे लागणे फार जिवाला लागते. लुकलुकणारे प्रखर दिवे ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच आयोजकांकडे चौकशी करावी.