मुंबई सोडून लहान शहरात जाताना: आधी हिशोब, मग टेम्पो

मुंबईचं भाडं आणि नाशिक किंवा कोल्हापूरचं भाडं शेजारी शेजारी मांडलं की निर्णय झाल्यासारखाच वाटतो. परळ-दादरच्या वन बीएचकेच्या भाड्यात तिथे दोन-तीन बेडरूमचं घर मिळून वर पैसे उरतात. पण हा अर्धाच हिशोब झाला. मुंबईत नळाला रोज पाणी येतं, वीज क्वचित जाते आणि दोन-तीनशे रुपयांच्या लोकलच्या पासात महिना निघतो. लहान शहरात या तिन्ही गोष्टींचा बराच भार घरावर येतो. टाकी तुमची, इन्व्हर्टर तुमचा, गाडी तुमची. म्हणून भाड्यातल्या बचतीतून आधी हे खर्च वजा करायचे.

गाडीपासून सुरुवात करू. नवरा-बायको दोघं कामाला जाणारे, प्रत्येकाची दिवसाला 15 किलोमीटर दुचाकी, महिन्याला 26 दिवस. म्हणजे माणशी 390 किलोमीटर. लिटरला 45 धरले तर दोघांचं मिळून साधारण 17 लिटर पेट्रोल, त्यावर सर्व्हिसिंग, विमा आणि मुख्य म्हणजे दोन गाड्यांची किंमत. रिक्षाच्या भरवशावर राहू असं ठरवून जाऊ नका. बऱ्याच शहरांत मीटर नावालाच असतो आणि रात्री नऊनंतर रिक्षावाला म्हणेल तो भाव. घरातल्या ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही, त्याचं स्वातंत्र्य मुंबई सोडताच निम्मं होतं. आई-वडील सोबत येणार असतील तर याचा विचार आधी करा. मुंबईत एकट्याने बसने देवळात आणि बँकेत जाणारे आजोबा तिथे प्रत्येक कामासाठी तुमच्यावर अवलंबून राहतात.

पाण्याचं गणित सोपं आहे, पण फार कमी लोक ते करतात. माणशी दिवसाला 135 लिटर धरा. चौघांना 540 लिटर. पाणी तिसऱ्या दिवशी येत असेल तर सोळाशे लिटरचा साठा हवा, आणि गच्चीवरची 500 लिटरची टाकी पहिल्याच संध्याकाळी रिकामी होणार. सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये काही दिवसांआड पाणी येणं नित्याचं आहे. घर बघताना 'पाणी आहे का' हा प्रश्न निरुपयोगी, कारण उत्तर नेहमी 'भरपूर' असंच येतं. किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती वेळ आणि मे महिन्यात टँकर लागतो का, हे विचारा. तेही घरमालकाला नाही, तळमजल्यावरच्या भाडेकरूला किंवा समोरच्या किराणावाल्याला.

विजेसाठी, घरून काम करत असाल तर इन्व्हर्टर पहिल्याच आठवड्यात बसवा. 12 व्होल्टची 150 एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेची एक बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास, वापरता येण्याजोगे साधारण 1350. तीन पंखे, चार दिवे, राउटर आणि लॅपटॉप मिळून 350 वॅटचा भार धरला तर पावणेचार तास निघतात. बॅटरी जुनी झाली की हा वेळ घटत जातो. फ्रिज किंवा गीझर त्यावर टाकू नका. ब्रॉडबँड घेताना आणखी एक चौकशी करा: भागातली वीज गेल्यावर त्या कंपनीच्या यंत्रणेला बॅकअप आहे का? नसेल तर तुमचा राउटर चालू राहूनही नेट बंदच.

शहर ठरवताना तिथला सगळ्यात वाईट महिना बघा. लोक दिवाळीच्या सुट्टीत फिरून येतात, हवेवर खूश होतात आणि डिपॉझिट देऊन मोकळे होतात. कोल्हापूर, सांगली, चिपळूण जुलैच्या शेवटी बघायचं; सोलापूर, जालना मे महिन्यात. 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. घर घेण्याआधी निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा पाहा. या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि महापालिकेच्या नगररचना विभागात त्यांचे नकाशे मिळतात. 'इथे फक्त एकदाच पाणी आलं होतं' असं कोणी म्हणालं तर ते कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर दाखवायला सांगा. नाशिकला जाणाऱ्यांनी 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा धरून चालावं. पंचवटी आणि रामकुंडाजवळ तेव्हा भाडं आणि वाहतूक दोन्हींचा भरवसा नाही.

मुंबईला किती वेळा यावं लागेल यावर शहराची निवड बरीचशी ठरते. नाशिक जवळ म्हणून सोपं वाटतं. पण सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघणारी पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीला पोचेपर्यंत पावणेअकरा वाजतात. साडेनऊचं ऑफिस तिने गाठता येत नाही, आणि पावसात कसारा घाटात काही झालं तर दिवसच गेला. उलट कोल्हापूर दुपटीहून लांब, पण महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री झोपून सकाळी मुंबईत उतरता येतं. आठवड्याला दोनदा यायचं असेल तर नाशिक, महिन्याला एकदा असेल तर कोल्हापूरही चालेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गला कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, हेही लक्षात ठेवा.

नोकरीचं आधी पक्कं करा. साहेब तोंडी 'चालेल' म्हणाले, यावर घर हलवू नका. कायमस्वरूपी घरून काम आणि बदललेलं कामाचं ठिकाण एचआरच्या ईमेलमध्ये असू द्या. ठिकाण बदलल्यावर पगार बदलणार का, हेही त्यातच विचारा. जुन्या करप्रणालीत असाल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीची पगाराशी जोडलेली मर्यादा मुंबईत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के असते, नाशिक-कोल्हापूरला ती 40 टक्क्यांवर येते. सगळ्यात मोठा फटका मात्र जोडीदाराच्या नोकरीचा. एकाची नोकरी टिकली आणि दुसऱ्याची गेली तर भाड्याची सगळी बचत त्यातच विरते. कारखान्यातलं काम नाशिकच्या अंबड-सातपूरला, संभाजीनगरच्या वाळूजला, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावला मिळू शकतं. जाहिरात, वित्त किंवा माध्यमांत असाल तर तुमच्या क्षेत्रातल्या तिथल्या नोकऱ्या आधी शोधून पाहा.

आरोग्य विमा ही हमखास विसरली जाणारी गोष्ट. अनेक कंपन्या शहरांचे झोन करून हप्ता ठरवतात. मुंबई वरच्या झोनमध्ये असते, त्यामुळे पत्ता बदलल्यावर हप्ता कमी होऊ शकतो. पण खालच्या झोनची पॉलिसी घेऊन उपचाराला परत मुंबईत आलात, तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरावा लागतो. घरात हृदयविकार किंवा कॅन्सरचा रुग्ण असेल आणि उपचार मुंबईतच चालू राहणार असतील तर हप्त्यातल्या बचतीचा मोह टाळा.

मुलांची शाळा बदलायची असेल तर मार्चमध्ये दाखल्यासाठी अर्ज करा आणि जूनपूर्वी हला. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववीतून दहावीत जाताना मात्र बदल टाळाच. बोर्डाची नोंदणी, विषय, अंतर्गत गुण, सगळंच अडतं.

मुंबईतलं स्वतःचं घर वर्षभर तरी विकू नये, असं आमचं ठाम मत आहे. एकदा बाहेर पडून पुन्हा तेवढंच घर त्याच भागात घेणं फार थोड्यांना जमतं. भाड्याने द्या. सोसायटी त्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावते, पण ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तिकडे भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. लहान शहरात 'कशाला एवढं, आपलीच माणसं' असं ऐकू येईल, पण नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. 12 हजार भाडं आणि 50 हजार डिपॉझिटच्या 11 महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क जेमतेम तीनशे-चारशेच्या घरात आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. आधार, बँक, गॅस, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार लागतो.

सामान हलवताना जून ते सप्टेंबर टाळा. फ्रिज उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच तर उतरवल्यावर काही तास तसाच उभा ठेवून मग चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला मागचे ट्रान्झिट बोल्ट (ड्रम घट्ट धरून ठेवणारे) लावल्याशिवाय टेम्पोत चढवू नका, नाहीतर ड्रम आतून आपटून सस्पेन्शन जातं. पाइप गॅस बंद करण्यासाठी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा, शेवटच्या रीडिंगचा फोटो ठेवा आणि अनामत परत घ्या. सिलिंडर असेल तर तो आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, नवीन वितरक तेच मागतो.

मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 भरा. गाडीचं काम वाटतं तेवढं कटकटीचं नाही: राज्यातल्या राज्यात जात असाल तर एमएच-01 किंवा एमएच-47 हा नंबर तोच राहतो, रोड टॅक्सही पुन्हा भरावा लागत नाही. फक्त 30 दिवसांच्या आत फॉर्म 33 भरून नव्या आरटीओकडे पत्ता बदलून घ्या. कर्जावरची गाडी असेल तर बँकेची संमती आधी मिळवा, आणि गाडीच्या विमा कंपनीलाही नवा पत्ता कळवा.